दारूचा प्रकार आणि हँगओव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिअरने काही होत नाही, रमने दुसऱ्या दिवशी डोके धरते, व्होडका सर्वांत साफ, चांगल्या फेणीचा हँगओव्हर येतच नाही, अशी ठाम मते गटारीपासून एकतीस डिसेंबरपर्यंत प्रत्येक बैठकीत ऐकू येतात. त्यांतल्या काही मतांना शास्त्राचा आधार आहे, काहींना मुळीच नाही, आणि बरीचशी मते आपल्या ग्लासात नेमका किती मद्यार्क गेला हे कोणी मोजत नाही म्हणून तयार झालेली आहेत. महाराष्ट्रात आणि गोव्यात प्रत्यक्ष जी पेये प्यायली जातात, ती डोळ्यांपुढे ठेवून पुढील उत्तरे दिली आहेत.

हँगओव्हर नेमका कशामुळे होतो?

त्याचे एकच एक कारण नाही. दारूतला मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, मुख्यतः यकृतात दोन टप्प्यांत मोडला जातो. पहिल्या टप्प्यात त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड होते, जे मद्यार्कापेक्षा बरेच अधिक विषारी असते, आणि दुसऱ्या टप्प्यात त्याचे तुलनेने निरुपद्रवी अ‍ॅसिटेट बनते. हे काम चालू असताना शरीरात दाह निर्माण करणारी रसायने वाढतात. आजारपणात जशी अंगदुखी, मरगळ आणि अन्नावरची वासना उडणे हे एकत्र येते, तशी अवस्था दारूनंतर येण्यामागे या दाहाचा मोठा वाटा मानला जातो. शिवाय मद्यार्क जठराच्या आतल्या आवरणाला चुरचुरवतो, रक्तातील साखर खाली आणू शकतो, आणि लघवीचे प्रमाण आटोक्यात ठेवणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाला दाबतो, म्हणून पिताना वारंवार लघवीला जावे लागते.

झोपेचे नुकसान मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दारूने झोप लवकर लागते हे खरे असले, तरी मद्यार्क उतरू लागला की रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटक होते, आणि आठ तास अंथरुणात पडून राहिलेला माणूसही सकाळी न झोपल्यासारखा उठतो. त्रास सर्वाधिक जाणवतो तो रक्तातील मद्यार्क शून्याच्या जवळ येतो त्या सुमारास, म्हणूनच पहाटे घरी परतताना ठणठणीत वाटणाऱ्या माणसाला दुपारी उठून बसवत नाही.

दारूच्या प्रकारानुसार हँगओव्हर खरोखर बदलतो का?

बदलतो, परंतु लोक समजतात तितका नाही. दारूत मद्यार्क आणि पाणी यांखेरीज आंबवताना, ऊर्ध्वपातन करताना आणि लाकडी पिंपात मुरवताना तयार होणारे अनेक घटक अल्प प्रमाणात असतात. त्यांत मिथेनॉल, अ‍ॅसिटाल्डिहाइड, एस्टर, टॅनिन आणि फ्यूजल ऑइल म्हणून ओळखली जाणारी जड अल्कोहोले येतात. या सगळ्यांना मिळून काँजेनर म्हणतात. दारूची चव, वास आणि ओळख बहुतांशी त्यांच्यामुळेच असते. ब्रँडी, रेड वाइन, रम आणि पिंपात मुरवलेली व्हिस्की यांत काँजेनर जास्त असतात, जिनमध्ये कमी आणि व्होडकात सर्वांत कमी.

याविषयीचा चांगला पुरावा अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सापडतो. २१ ते ३३ वयाच्या ९५ निरोगी व्यक्तींपैकी काहींना बर्बन व्हिस्की आणि काहींना व्होडका कोलात मिसळून देण्यात आली, दुसऱ्या एका रात्री मद्यार्क नसलेले पेय देण्यात आले, आणि दोन्ही वेळा सकाळी त्यांची तपासणी झाली. त्या बर्बनमध्ये काँजेनरचे प्रमाण व्होडकाच्या ३७ पट होते. बर्बन प्यायलेल्यांनी सकाळी अधिक त्रास झाल्याचे सांगितले. मात्र लक्ष एकाग्र ठेवण्याच्या आणि चटकन प्रतिसाद देण्याच्या चाचण्यांत दोन्ही गट सारखेच मागे पडले, आणि झोपही दोघांची सारखीच बिघडली. याचा अर्थ असा की, व्होडका प्यायलेल्या माणसाला सकाळी तुलनेने बरे वाटते, पण त्याचा मेंदू व्हिस्की प्यायलेल्यापेक्षा चांगला चालत असतोच असे नाही. माझ्या मते संपूर्ण विषयातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे, कारण आपण ‘साफ’ दारू प्यायलो या समाधानात माणूस गाडीची चावी हातात घेतो.

मग गडद रंगाची दारू वाईट आणि पांढरी चांगली, असे म्हणता येईल का?

स्कॉच, बर्बन किंवा कोन्याक यांच्याबाबत हा ढोबळ नियम चालतो, कारण त्यांचा रंग बराचसा पिंपातल्या लाकडातून आलेला असतो. आपल्याकडील रोजच्या व्हिस्कीला मात्र तो जसाच्या तसा लावता येत नाही. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यातील स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक व्हिस्की एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोलपासून बनतात. हा स्पिरिट साखर कारखान्याच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढतात आणि अनेक स्तंभांतून शुद्ध करतात. त्यात काँजेनर जवळजवळ उरत नाहीत. पुढे त्यात माल्ट स्पिरिटचा किंवा स्कॉचचा थोडा भाग मिसळतात आणि कॅरमेलने रंग सारखा करतात. युरोपीय संघात मळीच्या स्पिरिटला व्हिस्की या नावाने विकता येत नाही, ते याच फरकामुळे.

म्हणजे काचेच्या ग्लासात जो सोनेरी रंग दिसतो, तो काँजेनरची खूण असेलच असे नाही. त्याच रंगाची, बार्लीच्या माल्टपासून तांब्याच्या भांड्यात काढलेली आणि पिंपात मुरवलेली गोव्यातील किंवा बंगळुरूची सिंगल माल्ट काँजेनरने भरलेली असू शकते, तर स्वस्तातल्या व्हिस्कीत त्यांचे प्रमाण बरेच कमी असू शकते. ‘हलकी दारू प्यायली म्हणून डोके दुखले’ हे वाक्य म्हणून सावधपणे घ्यावे. स्वस्त दारू बहुधा जास्त प्यायली जाते, घाईने प्यायली जाते आणि पुरेसे न खाता प्यायली जाते, ही कारणे अधिक पटण्यासारखी आहेत.

संत्रा किंवा तत्सम स्वादाची परवानाप्राप्त देशी दारूही मुख्यतः मळीच्या स्पिरिटपासूनच बनते. तिच्या बाटलीवर ‘२५ अंडर प्रूफ’ असे लिहिलेले असते, आणि ते व्हिस्कीच्या बाटलीवरील ४२.८ टक्क्यांइतकेच होते. म्हणजे देशीची नाइंटी (९० मिलिलिटर) आणि इंग्लिशची नाइंटी यांत मद्यार्क सारखाच असतो.

बिअर तर सौम्य असते. तिने इतका त्रास का होतो?

कारण आपल्याकडे खपणारी बहुतेक बिअर सौम्य नसते. भारतातील नियमांप्रमाणे ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर साधी आणि ५ ते ८ टक्क्यांची स्ट्राँग मानली जाते, आणि आपल्याकडे खप स्ट्राँगचाच मोठा आहे. स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीचे लेबल नीट वाचले, तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत मद्यार्क ८ टक्क्यांपेक्षा अधिक नाही असा मजकूर आढळतो. तो ८ टक्के धरला, तर बाटलीत ५२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क होतो, म्हणजे वजनाने सुमारे ४१ ग्रॅम. आता ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा लार्ज पेग घेतला तर त्यात सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे दोन लार्ज पेग.

‘मी फक्त तीन बिअर घेतल्या’ असे सांगणाऱ्या माणसाने प्रत्यक्षात सहा लार्ज पेग घेतलेले असतात, आणि सहा लार्ज पेग घेतले असे तो सहसा कोणाला सांगणार नाही. बिअरमध्ये काँजेनर रम किंवा ब्रँडीपेक्षा कमी असतात, ही गोष्ट खरी आहे, परंतु १२० ग्रॅम मद्यार्कापुढे तिला फारसा अर्थ उरत नाही. साधी बिअर, म्हणजे ५ टक्क्यांची ३३० मिलिलिटरची पिंट, घेतली तर हिशेब अगदी वेगळा येतो. तिच्यात सुमारे १३ ग्रॅम मद्यार्क असतो.

अशीच तुलना इतर मापांची करून ठेवावी. नाइंटीत सुमारे ३० ग्रॅम, क्वार्टरमध्ये (१८० मिलिलिटर) सुमारे ६१ ग्रॅम, आणि साडेबारा टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलिलिटरच्या ग्लासात सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क असतो. सूत्र सोपे आहे: मिलिलिटरला टक्केवारीने गुणावे, शंभराने भागावे आणि आलेल्या संख्येला ०.७९ ने गुणावे. घरच्या पार्टीत पेग डोळ्यांनी ओतला जातो आणि तो ६० चा नसतो, ८० किंवा ९० चा असतो, हेही या हिशेबात धरावे लागते.

रेड वाइनने डोके लगेच दुखू लागते. हा हँगओव्हरच का?

बहुधा नाही. रेड वाइनचा एखादा ग्लास घेतल्यावर अर्ध्या ते तीन तासांत सुरू होणारी डोकेदुखी आणि दुसऱ्या सकाळचा हँगओव्हर या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. या डोकेदुखीचा दोष पुष्कळदा सल्फाइटवर टाकला जातो, पण व्हाइट वाइनमध्ये सल्फाइट साधारणपणे रेड वाइनइतकेच किंवा अधिक असतात आणि तिच्याविषयी ही तक्रार कमी ऐकू येते. रेड वाइन द्राक्षाच्या सालींसह आंबवली जाते, त्यामुळे सालीतील टॅनिन आणि फिनॉलिक द्रव्ये तिच्यात उतरतात. हिस्टामिनही तिच्यात जास्त असते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०२३ साली असे सुचवले की, द्राक्षातील क्वर्सेटिन या द्रव्याचे शरीरात बनणारे एक रूप अ‍ॅसिटाल्डिहाइड मोडणाऱ्या विकराला अडवते आणि त्यातून डोकेदुखी होत असावी. हे काम प्रयोगशाळेतले आहे, माणसांवर अजून सिद्ध व्हायचे आहे. भरपूर उन्हात वाढलेल्या द्राक्षांत क्वर्सेटिन जास्त असते, त्यामुळे नाशिककडच्या वाइनच्या संदर्भातही हा प्रश्न तपासण्यासारखा आहे.

ज्यांना मायग्रेन आहे त्यांना रेड वाइनने झटका येऊ शकतो, आणि त्यांनी प्रयोग करत बसण्यापेक्षा ती टाळलेली बरी.

फेणी नैसर्गिक असते, म्हणून तिचा हँगओव्हर येत नाही, हे खरे आहे का?

फेणीवरचे गोमंतकीयांचे प्रेम पूर्ण समजण्यासारखे आहे. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा पेय ठरवले. पण हँगओव्हरविषयीचा दावा काँजेनरच्या हिशेबात बसत नाही. झाडाखाली पडलेली पिकली बोंडे गोळा करून, बी वेगळी करून, ती तुडवून किंवा दाबून रस काढतात. तो रस स्वतःच्याच यीस्टने आंबतो आणि मग भाटीवरच्या, म्हणजे दारू काढण्याच्या भट्टीवरच्या, भांड्यात लाकडाच्या आगीने तापवला जातो. वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते आणि त्या भांड्यावर गार पाणी ओतत राहावे लागते. पहिल्या ऊर्ध्वपातनात मिळतो तो उराक, आणि उराक पुन्हा भांड्यात घालून काढली की फेणी. कारखान्यातील शुद्धीकरणाचे स्तंभ इथे नसतात, आणि ते नसतात म्हणूनच फेणीला तो सबंध घर भरून टाकणारा वास असतो. तो वास काँजेनरचा असतो. फळाच्या पेक्टिनमुळे फळांच्या कोणत्याही दारूत मिथेनॉलचेही थोडे प्रमाण येते; पारंपरिक पद्धतीने काळजीपूर्वक काढलेल्या फेणीत ते विषबाधेइतके नसते, पण हँगओव्हर हलका करण्याच्या बाजूने ते नक्कीच काम करत नाही.

उराकाची गोष्ट निराळी आहे. मार्च ते मे या दिवसांत लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिमका घालून तो सरबतासारखा प्यायला जातो. त्यात मद्यार्क १५ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे १८० मिलिलिटर उराक हा व्हिस्कीच्या एका लार्ज पेगच्या बरोबरीचा आहे. त्यावर लेबल नसते, प्रत्येक भाटीचा जोर वेगळा असतो, आणि तो भर उन्हाळ्यात, दुपारी, घाम निथळत असताना प्यायला जातो. उराकाने डोके चढले अशी तक्रार पर्यटक करतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांनी तो तहान भागवण्यासाठी प्यायलेला असतो.

माडी, ताडी आणि मोहाची दारू यांचे काय?

ताजी माडी किंवा ताडी म्हणजे झाडाचा आंबलेला रस. तिच्यात मद्यार्क बिअरइतका असतो आणि दिवसभरात तो वाढत जातो, म्हणून सकाळची आणि संध्याकाळची माडी एकसारखी समजू नये. तिच्याविषयीची खरी चिंता भेसळीची आहे. शहरांतील काही ताडी केंद्रांवर क्लोरल हायड्रेट हे गुंगी आणणारे रसायन मिसळल्याची प्रकरणे महाराष्ट्रात वारंवार उघडकीस आली आहेत, आणि तसली ताडी प्यायल्यानंतरची गुंगी हा हँगओव्हर नसून औषधाचा अंमल असतो. मोहाची दारू वाळलेली फुले आंबवून साध्या भांड्यातून काढली जाते, त्यामुळे काँजेनरच्या बाबतीत ती फेणीच्या जवळची आहे. तिचा जोर काढणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो.

हातभट्टीच्या दारूने होणारा त्रास हँगओव्हरपेक्षा वेगळा कसा ओळखावा?

हा या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. अशा घटनांत मारक ठरते ते मिथेनॉल, आणि ते सहसा आंबवण्यातून आलेले नसते. उद्योगांसाठीचे मिथेनॉल स्वस्त असते म्हणून ते दारूत मिसळले जाते. वास, चव किंवा रंग यांवरून ते ओळखता येत नाही. दारू पेटवून ज्योतीचा रंग पाहण्याची युक्तीही भरवशाची नाही.

मिथेनॉलचे शरीरात फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूवर आघात करते. फसवणूक अशी होते की, पहिले काही तास माणूस नेहमीसारखा झिंगलेला दिसतो आणि खरी लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी, म्हणजे नेमकी हँगओव्हरच्या वेळेला सुरू होतात. सोबत साधी दारूही प्यायलेली असेल तर त्याहूनही उशिरा. साध्या हँगओव्हरमध्ये दृष्टी अंधूक होत नाही. डोळ्यांपुढे धुके किंवा पांढरा पडदा आल्यासारखे वाटणे, पोटात तीव्र कळा, धाप लागल्यासारखा खोल आणि जलद श्वास, गोंधळलेली अवस्था यांपैकी काहीही दिसले तर झोपून बरे वाटेल म्हणून थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णालयात दारू कोठून घेतली हे न लपवता सांगावे, आणि त्याच ठिकाणी प्यायलेल्या इतरांना, त्यांना काही वाटत नसले तरी, तपासणीसाठी न्यावे. वेळेत पोहोचल्यास यावर उतारक औषध आणि डायलिसिस यांचा उपचार होतो, आणि दृष्टी व जीव दोन्ही वाचू शकतात.

आधी बिअर आणि मग व्हिस्की घेतल्याने त्रास वाढतो का? मिक्स करणे वाईट असते का?

क्रमाचा परिणाम होतो याला पुरावा नाही. जर्मनीत ९० स्वयंसेवकांवर केलेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याच प्रश्नासाठी होता. एका गटाने आधी बिअर आणि मग व्हाइट वाइन घेतली, दुसऱ्याने उलट क्रमाने, तिसऱ्याने एकच पेय घेतले, आणि आठवड्याने क्रम बदलण्यात आला. श्वासातील मद्यार्काची पातळी सगळ्यांची सारखी ठेवली होती. दुसऱ्या दिवसाच्या त्रासात क्रमामुळे फरक पडला नाही. आपल्याला किती चढली आहे हा ज्याचा त्याचा अंदाज आणि उलटी झाली की नाही, या दोनच गोष्टींवरून सकाळच्या त्रासाचा अंदाज बांधता आला.

तरीही मिक्स केल्याने त्रास होतो हा अनुभव खोटा म्हणता येत नाही. बिअरवरून व्हिस्कीकडे वळलेला माणूस बहुधा मोजणे सोडून दिलेला असतो. शिवाय बिअरच्या घोटांची सवय झालेल्या हाताने व्हिस्कीही त्याच वेगाने प्यायली जाते.

सोडा, कोल्ड्रिंक किंवा एनर्जी ड्रिंक मिसळल्याने फरक पडतो का?

फसफसणाऱ्या पेयाबरोबर मद्यार्क काही लोकांच्या रक्तात लवकर शोषला जातो, म्हणून शॅम्पेनसारखी वाइन पटकन चढल्याचा अनुभव येतो. गोड कोल्ड्रिंकने दारूची तिखट चव झाकली जाते आणि मोठा पेग लहान वाटतो. एनर्जी ड्रिंकविषयी अधिक सावध राहावे, कारण त्यातील कॅफीन पेंग घालवते पण मद्यार्क घालवत नाही. जिथे शरीराने झोप मागितली असती तिथे माणूस आणखी दोन पेग घेतो.

पोटभर जेवल्याने किंवा चखण्याने उपयोग होतो का?

होतो, पण अगोदर जेवल्यास. पोटात अन्न असले की मद्यार्क लहान आतड्यात हळूहळू उतरतो आणि रक्तातील पातळी एकदम चढत नाही. भाजी-पोळी, वरण-भात, अंडी असे काही खाऊन बसावे. खारे शेंगदाणे आणि शेव यांनी तहान वाढते आणि ती दारूनेच भागवली जाते, त्यामुळे चखण्याला जेवण समजू नये. सगळे संपल्यावर रात्री दीड वाजता खाल्लेल्या बिर्याणीने आधीच रक्तात गेलेल्या मद्यार्काचे काही होत नाही.

दोन पेगांमध्ये पाणी प्यायले, सकाळी ताक किंवा लिंबूपाणी घेतले, तर हँगओव्हर टळतो का?

टळत नाही; तहान, कोरडे तोंड आणि थोडी चक्कर कमी होते. पाणी कमी पडणे आणि हँगओव्हर या दारूच्या दोन समांतर गोष्टी आहेत, एकीवर उपाय केल्याने दुसरी जात नाही. असे असूनही पेगांमधले पाणी मी आग्रहाने सुचवीन, कारण ग्लास पाण्याने भरलेला असताना त्यात दारू ओतली जात नाही आणि एकूण पिणे कमी होते. सकाळचे लिंबूपाणी, नारळपाणी, ताक, मऊ भात, सोलकढी हे सारे पोटाला सोसणारे, मीठ आणि थोडी साखर देणारे पदार्थ आहेत आणि तेवढ्यासाठी उत्तमच आहेत.

बाजारातल्या हँगओव्हरच्या गोळ्या, पावडरी आणि शॉट यांच्याबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा उपायांच्या २१ चाचण्या तपासल्या गेल्या, आणि एकाही उपायासाठी खात्रीलायक पुरावा आढळला नाही.

सकाळी उतारा म्हणून थोडी घेतली की बरे वाटते. त्यात वाईट काय?

बरे वाटते हे खरे आहे. नव्याने आलेला मद्यार्क मेंदूला पुन्हा गुंगी देतो, आणि शिल्लक मिथेनॉलच्या विघटनालाही रोखून धरतो, कारण यकृतातील विकर आधी इथेनॉल हाताळतो. पण उताऱ्याचा मद्यार्कही संपतो आणि मग मागचे आणि नवे असे दोन्ही त्रास एकत्र येतात. उतारा घेतल्याशिवाय हात थरथरणे थांबत नसेल, घाम येत असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर तो हँगओव्हर नाही, व्यसनातली दारू उतरतानाची लक्षणे आहेत. अशा व्यक्तीने दारू एकदम बंद करणेही धोक्याचे असते, झटके येऊ शकतात. त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार घ्यावा लागतो.

डोके दुखत असताना कोणती गोळी घ्यावी?

दारूनंतर पॅरासिटामॉल घेऊ नये, विशेषतः नियमित पिणाऱ्यांनी. या दोहोंचा भार यकृतावर एकत्र पडतो. आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन यकृताला तितके जड नसले, तरी दारूने आधीच चुरचुरलेल्या जठराला ते आणखी त्रास देतात, आणि अल्सर असणाऱ्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर सकाळचा घाम, थरथर आणि गोंधळ हा हँगओव्हर समजण्याआधी साखर तपासावी, कारण मद्यार्काने ती धोकादायक पातळीपर्यंत उतरलेली असू शकते.

दोघांनी सारखीच दारू घेतली, मग एकालाच त्रास का होतो?

वजन, शरीरातील पाण्याचे प्रमाण, वय, झोप आणि आनुवंशिकता यांनुसार फरक पडतो. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण सरासरीने कमी असल्याने तेवढ्याच दारूने रक्तातील पातळी अधिक चढते. चीन, जपान आणि कोरियातील अनेकांत अ‍ॅसिटाल्डिहाइड मोडणारा विकर जन्मतःच कमकुवत असतो आणि एका पेगानेच चेहरा लाल होतो. भारतीयांत हे क्वचित आढळते. ज्याला हँगओव्हर येत नाही तो दारू पचवण्यात पटाईत आहे असे मात्र समजू नये. यकृताची हानी डोकेदुखीची वाट पाहत नाही.

सकाळी उठल्यावर गाडी चालवता येईल का?

शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क हटवते, आणि अंघोळ, कॉफी, उलटी यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. समजा एखाद्याने रात्री नऊ ते बारा या वेळात एक क्वार्टर आणि स्ट्राँग बिअरची एक बाटली घेतली. एकूण मद्यार्क सुमारे १०२ ग्रॅम झाला. तो पूर्ण हटायला १० ते साडेचौदा तास लागतील, म्हणजे सकाळी सात ते साडेअकरा यांच्या दरम्यान केव्हातरी रक्त स्वच्छ होईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना गाडी चालवणे गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. रात्र संपली म्हणून कायद्याला फरक पडत नाही. रक्तातील पातळी शून्यावर आल्यानंतरही हँगओव्हरमध्ये लक्ष आणि प्रतिक्रियेचा वेग मंदावलेला असतो, म्हणून लग्नाच्या किंवा पार्टीच्या दुसऱ्या दिवशी मुंबई-पुणे किंवा मुंबई-गोवा प्रवास असेल तर निघण्याची वेळ दुपारनंतरची ठेवावी, अथवा न प्यायलेल्या माणसाला गाडी चालवू द्यावी.